सुरत-जळगाव: हवाई अंतर आणि लागणारा वेळ

लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत खानदेशी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यामुळे सुरत ते जळगाव विमानाने किती वेळ लागेल, हा प्रश्न तिथे वारंवार निघतो. मोबाइलवर उत्तर तयार असतं: सुमारे 300 किलोमीटर, 52 मिनिटं. त्यावरून अनेकांना वाटतं की रोजचं विमान असणारच. तसं काही नसतं. अक्षांश-रेखांश दिले की कोणत्याही दोन विमानतळांमधलं अंतर निघतं, मग तिथे थेट सेवा असो वा नसो.

मिनिटंही अशीच हिशेबाने काढलेली असतात. अशी अनेक गणकं जेटचा ताशी आठशे किलोमीटर वेग धरतात आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवतात. जळगावला मात्र उतरतात ती एटीआरसारखी पंख्यांची विमानं. त्यांचा वेग ताशी पाचशेच्या आसपास असतो, आणि एवढ्या छोट्या पल्ल्यात तोही थोडाच वेळ मिळतो. बाकीचा वेळ चढण्यात, उतरण्यात आणि धावपट्टीकडे वळण्यात जातो. त्यातून तिकिटावरची वेळ हवेतली नसते. चाकांचे चॉक काढून विमान हललं तिथपासून पुन्हा चॉक लागेपर्यंतचा सगळा वेळ तिच्यात धरलेला असतो.

वाऱ्याचाही हात असतो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात, म्हणून सुरतहून कोलकात्याला जाताना परतीपेक्षा कमी वेळ लागतो.

सगळ्यांत घट्ट बसलेला समज म्हणजे हवाई अंतर रस्त्याच्या मानाने फारच कमी असतं. सुरतेइतकी याची चांगली परीक्षा क्वचित कुठे होईल. सुरत ते भावनगर हवाई अंतर अवघं 90 किलोमीटर आहे. मध्ये खंभातचं आखात असल्याने रस्त्याने वडोदऱ्याकडून वळसा घालावा लागतो आणि तेच अंतर साडेतीनशेच्या पुढे जातं. नोव्हेंबर 2020 मध्ये हजिरा-घोघा रो-पॅक्स बोट सुरू झाली ती हाच वळसा वाचवण्यासाठी. तिला साधारण चार तास लागतात. इथे विमानाचा फायदा खराच मोठा आहे.

जळगावकडे चित्र उलटं. उधन्याहून निघालेला रेल्वेमार्ग बारडोली, व्यारा, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव असा तापीच्या खोऱ्यातून पूर्वेला जातो. त्याची लांबी 306 किलोमीटर, म्हणजे हवाई अंतराएवढीच! मध्ये आखात नाही, मोठा घाट नाही. खोरंच सरळ आहे. नवापूर-धुळ्यावरून जाणारा महामार्गही सव्वातीनशेच्या आतबाहेर पडतो. इथे विमान वाचवू शकतं ते वेगामुळे, अंतरामुळे नाही.

तो वेगही घरापासून मोजायला हवा. सुरतचं विमानतळ शहराच्या नैऋत्येला, डुमस रस्त्यावर मगदल्ल्याजवळ आहे, तर खानदेशी वस्ती पूर्व-दक्षिणेला. तिथे पोचायला पाऊण तास, आधी हजर राहायला दीड तास, तासाभराचं उड्डाण, मग सामान घेऊन कुसुंब्याहून जळगावात शिरायला आणखी अर्धा तास धरा. पावणेचार तास होतात. थेट विमान असलं तरी एवढ्या वेळात उधन्याहून एक्स्प्रेसमध्ये बसलेला प्रवासी अमळनेरच्या आसपास पोचलेला असेल.