इंडिकेटर मंद झाला? आधी ‘अर्थिंग’ तपासा

परभणी : ऊसतोडणी आणि कापूस वेचणीचा हंगाम सुरू झाला, की परभणी जिल्ह्यातील रस्त्यांचे रूप पालटते. पाथरी, मानवत, गंगाखेड परिसरात उसाच्या ट्रॉल्या, कापसाची वाहने, बैलगाड्या आणि दुचाक्या एकाच रस्त्यावरून अंधारात वाट काढत असतात. पुढची मोटार वळणार की सरळ जाणार, हे मागच्या चालकाला कळते ते इंडिकेटरवरून. नेमके हेच साधन जुन्या मोटारीत अनेकदा दगा देते. बल्ब बदलला, फ्लॅशर बदलला, तरी दोष कायम राहतो. अशा वेळी दोष बहुधा अर्थिंगमध्ये दडलेला असतो.

मारुती ८०० आणि ॲम्बेसेडर या दोन्ही मोटारींचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी यांपैकी प्रत्येक गाडी दहा वर्षांहून अधिक जुनी आहे. खासगी मोटारीच्या नोंदणीला १५ वर्षे झाली, की नूतनीकरणासाठी तिची तपासणी करून घ्यावी लागते. त्या वेळीही दिवे चालू स्थितीत असणे आवश्यक ठरते.

अर्थिंग म्हणजे काय?

मोटारीत प्रत्येक दिव्याला बॅटरीच्या धन टोकाकडून तार येते. परतीचा मार्ग मात्र गाडीचा लोखंडी सांगाडाच असतो. बॅटरीचे ऋण टोक जाड केबलने सांगाड्याला आणि इंजिनाला जोडलेले असते. दिव्यातून गेलेला प्रवाह याच सांगाड्यातून बॅटरीकडे परततो. पावसाळ्यातील ओल, धूळ आणि चिखल यांमुळे दिव्याजवळचा स्क्रू किंवा तारेचे टोक गंजले, की या परतीच्या वाटेत अडथळा येतो.

अडथळा लहान वाटला तरी परिणाम मोठा होतो. इंडिकेटरचा बल्ब सामान्यतः २१ वॅटचा असतो आणि तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. दिव्याला १२ ऐवजी ११ व्होल्ट मिळाले, तर उजेड सुमारे एक चतुर्थांशाने घटतो.

लक्षणे काय सांगतात?

एकाच बाजूचा इंडिकेटर फार वेगाने लुकलुकत असेल, तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असण्याची शक्यता अधिक असते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरची ही खूण होय. जुन्या, तापणाऱ्या पट्टीच्या फ्लॅशरमध्ये मात्र दिवा संथपणे लुकलुकतो किंवा नुसताच पेटून राहतो. दोन्ही बाजू पूर्ण बंद असतील, तर फ्यूज, फ्लॅशर आणि स्विच या क्रमाने पाहावे. साध्या बल्बच्या जागी एलईडी बसविल्यास प्रवाह कमी लागतो. त्यामुळे काहीही बिघाड नसताना लुकलुकणे वेगवान होऊ शकते.

अर्थिंगच्या दोषाची खूण वेगळीच असते. ब्रेक दाबताच इंडिकेटर मंद उजळतो, किंवा इंडिकेटर लावताच मागचा लाल दिवाही त्याच तालावर लुकलुकतो. सरळ परतीची वाट बंद झाल्याने प्रवाह शेजारच्या बल्बच्या तारेतून मार्ग शोधत असतो. मागच्या चालकाला मात्र यातून चुकीचा इशारा मिळतो.

तपासणी कशी करावी?

सर्वांत सोपी चाचणी एका लांब तारेची आहे. तारेचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावे आणि इंडिकेटर चालू ठेवून दुसरे टोक बल्बच्या होल्डरच्या धातूला टेकवावे. दिवा लख्ख उजळला, तर दोष अर्थिंगचा आहे, हे निश्चित समजावे. ही तार धन टोकाला चुकूनही लावू नये.

मल्टिमीटर असल्यास त्याची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी होल्डरच्या धातूवर ठेवावी. दिवा उजळलेल्या क्षणीचा आकडा ०.२ व्होल्टच्या आत असावा. तो अर्धा व्होल्ट किंवा अधिक असल्यास जोडणी साफ करणे भाग आहे.

दुरुस्तीपूर्वी बॅटरीची ऋण केबल काढून ठेवावी. दिव्यापासून सांगाड्यापर्यंत जाणारी, बहुधा काळ्या रंगाची तार शोधून तिचा स्क्रू सोडवावा. तारेचे टोक आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासावा. रंगावर बसविलेली जोडणी टिकत नाही. स्क्रू घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावल्यास ओल आत शिरत नाही. बॅटरीजवळच्या आणि इंजिनाच्या जाड केबलची टोकेही याच वेळी साफ करावीत. फ्यूज वारंवार जात असेल, तर अधिक क्षमतेचा फ्यूज बसवू नये. त्याने वायरिंग पेट घेण्याचा धोका असतो.

काम झाल्यावर घड्याळ लावून लुकलुकणे मोजावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार इंडिकेटर मिनिटाला किमान ६० आणि कमाल १२० वेळा लुकलुकला पाहिजे. त्यानंतर ब्रेक, टेललाइट आणि इंडिकेटर एकाच वेळी लावून दुसऱ्या व्यक्तीस गाडीच्या मागे उभे करावे. प्रत्येक दिवा आपापले काम स्वतंत्रपणे करीत असेल, तरच गाडी रात्रीच्या रस्त्यावर काढावी.