निरोप्याच्या तीन खेपा (लेखांक सातवा)

मागच्या लेखांकात नाईक यशवंत घाडगे यांची १० जुलै १९४४ ची लढाई पाहिली. बरोबरची माणसं पडल्यावर ते मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले आणि मोर्चा जिंकून तिथेच कामी आले. अशा पराक्रमाला आपण लगेच ‘बेभान’ म्हणून मोकळे होतो. नऊ महिन्यांनी इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे शिपाई नामदेव जाधव यांच्याबाबतीत मात्र हा शब्द साफ चुकतो, असं माझं म्हणणं आहे. संगमनेर तालुक्यातल्या निमजचा हा तेवीस वर्षांचा जवान त्या संध्याकाळी पुरता भानावर होता. पुरावा आहे तो त्यांच्या कृतींच्या क्रमात.

९ एप्रिल १९४५. इटलीतल्या अखेरच्या मोठ्या चढाईचा पहिला दिवस. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीला, म्हणजे ‘जंगी पलटणी’ला, सेनिओ नदी ओलांडायची होती. नदी जेमतेम १५ फूट रुंद, पाणी चार-पाच फूट. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम पाहणारा मुक्ताईनगरचा माणूस तिला नालाच म्हणेल. पण दोन्ही काठांवर पुराचे ३० ते ३५ फूट उंच, भिंतीसारखे बांध होते, आणि घुशींनी शेताचा बांध पोखरावा तसे ते जर्मनांनी आतून पोखरले होते. पूर्वेच्या बांधाच्या नदीकडच्या उतारावर सुरुंगांचा पट्टा. जाधव कंपनीचे ‘रनर’, म्हणजे निरोप्या. त्यामुळे ते कंपनी कमांडरच्या मागोमाग पाण्यात उतरले. पलीकडे पाय टेकतो न टेकतो तोच किमान तीन मोर्चांतून गोळ्या सुरू झाल्या. कमांडर आणि दोन जवान जखमी झाले, बाकीचे सुरुंगांच्या पट्ट्यात मेले. धडधाकट उरले एकटे जाधव.

आता क्रम पाहा. हल्ला त्यांनी आधी केलाच नाही. कुणाच्या हुकमाची वाट न पाहता एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, सुरुंगांतून आणि उभ्या चढावरून सुरक्षित जागी नेलं. मग परत येऊन दुसऱ्याला नेलं. दोन्ही वेळा वरून उखळी तोफा आणि मशीनगनचा मारा चालूच होता. मोर्चांवर ते गेले तिसऱ्या खेपेला. पाठीवर माणूस घेऊन ज्यानं ती जमीन दोनदा तुडवली, त्याला पाय कुठे टेकतो आणि गोळी कुठून येते हे एव्हाना कळलेलं असणार. वाट लक्षात ठेवणं हे तर निरोप्याचं रोजचं काम. पहिला मोर्चा त्यांनी टॉमी गननं गप्प केला. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले. तेही संपत आले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर गेले, मागच्या उतारावरच्या सोबत्यांकडून नवे घेतले आणि उरलेले दोन मोर्चे संपवले. डोकं फिरलेला माणूस दारूगोळा मोजत नाही.

यावर कुणी म्हणेल, मेलेल्या सोबत्यांचा सूड घ्यायचा म्हणून ते गेले, असं प्रशस्तिपत्रातच लिहिलं आहे. लिहिलं आहे खरं. पण ते लिहिलं वरिष्ठांनी, लढाईनंतर. दुसऱ्याच्या मनातला हेतू त्यांनी अंदाजानं लिहिला असेल. माथ्यापर्यंत सरपटत जाऊन हातबॉम्ब आणण्याचा तपशील दंतकथेला काही शोभा आणत नाही, म्हणूनच मी त्यावर अधिक विश्वास ठेवतो. शिवाय राग आणि हिशेब एकाच माणसात नांदू शकतात. दुसरा आक्षेप नशिबाचा, आणि तो मान्यच करायला हवा: त्याच सुरुंगांत बाकीचे मेले, हे वाचले. पण नशिबानं फार तर जीव वाचतो. पुढचं काम कुणीतरी करावंच लागतं. ‘लढाऊ जातीचं रक्त’ हे इंग्रजांच्या भरतीखात्याचं आवडतं उत्तर तर विचारातही घेऊ नये. जे पट्ट्यात पडले तेही त्याच पलटणीचे होते, आणि त्याच दिवशी त्याच नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे अली हैदर कोहाटचे पठाण होते.

शेवटचा आक्षेप मात्र वजनदार आहे. मोर्चे गप्प झाल्यावर, उखळी तोफांचा मारा चालू असताना, जाधव बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहिले आणि मराठ्यांची रणगर्जना करत हातवारे करू लागले. हे बेभान नाही तर काय? पण मागच्या कंपन्या बांधाआड अडकल्या होत्या, नदी मोकळी झाल्याचं त्यांना दिसणं शक्य नव्हतं, आणि तो निरोप नेण्याचं काम ज्याचं होतं तो माणूस माथ्यावर उभा होता. परत खाली उतरून सांगत बसायला वेळ नव्हता. त्यांनी जिथे होते तिथूनच निरोप दिला, आणि कंपन्या नदी ओलांडून आल्या.