प्रिंटर रुसला तर...

मुलीच्या प्रवेशअर्जाची उद्या शेवटची तारीख आणि नेमका आजच प्रिंटर रुसून बसतो! अशा वेळी घाबरून मेकॅनिकला बोलावण्याआधी पाच मिनिटे द्या. बहुतेक वेळा दोष किरकोळच निघतो.

प्रिंटरचा दिवा लागला आहे ना, वायर दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे ना, ते पाहा. प्रिंटरवर झेरॉक्सची सोय असेल, तर एक प्रत काढा. ती नीट निघाली, तर प्रिंटर ठणठणीत आहे. दोष वायरीत किंवा कॉम्प्युटरमध्ये आहे. कॉम्प्युटरवर छपाईची रांग उघडा. पुढचे एक काम अडकले, की मागची सगळी खोळंबतात. पुन्हा पुन्हा ‘प्रिंट’ दाबल्याने रांग वाढतेच. सगळी कामे रद्द करा आणि दोन्ही यंत्रे बंद करून पुन्हा सुरू करा.

कागद कोराच येतो? मग शाईकडे वळा. इंकजेटच्या शाईत पाणीच जास्त असते. रायपूरच्या भनपुरीसारख्या कारखान्यांच्या वस्तीत मे महिन्याच्या कोरड्या उन्हात ती लवकर सुकते आणि बारीक छिद्रे बुजतात. ‘हेड क्लीनिंग’ एक-दोनदाच करा, कारण त्यात शाई खर्च होते.

प्रिंटर थेट भिंतीवरच्या बटणाने बंद करू नका. त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला, तरच छिद्रांवर झाकण बसते. धूळ टाळण्यासाठी वर कापड घाला आणि आठवड्याला एक रंगीत पान छापा. नव्या कार्ट्रिजपेक्षा ते नक्कीच स्वस्त पडेल.