पदकापूर्वीचे मैदान

जोयड्यासारख्या अरण्यमय तालुक्यातील छोट्या महाविद्यालयाचा विद्यार्थी धारवाडला विद्यापीठाच्या स्पर्धेत पदक मिळवील, तेव्हा हारतुरे मिळतीलच. परंतु तो रोज धावतो कोठे, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. काळी नदीच्या ह्या डोंगराळ खोऱ्यात सपाट जागा थोडी, वस्त्या विखुरलेल्या आणि बसगाड्या मोजक्याच.

ह्याच जिल्ह्याचा एक अनुभव विसरण्याजोगा नाही. १९८७ साली, मार्गारेट अल्वा केंद्रीय क्रीडा राज्यमंत्री असताना, भारतीय क्रीडा प्राधिकरणाने हल्याळ-यल्लापूर परिसरातील सिद्दी मुलामुलींना निवडून वसतिगृह, सकस आहार आणि प्रशिक्षण दिले. काही वर्षांतच त्यांनी राष्ट्रीय पदके मिळविली. पुढे १९९३ च्या सुमारास तो उपक्रम थांबला, आणि कित्येक खेळाडू पुन्हा शेतमजुरीकडे वळले. आफ्रिकी वंशाच्या रक्तातच वेग आहे, ही समजूत तेव्हा फार होती. रक्त तर पुढेही तेच राहिले. थांबले ते शिक्षण आणि पोषण.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. प्रत्येक छोट्या महाविद्यालयास शारीरिक शिक्षणाचा कायम शिक्षक हवा, तालुक्यात एक चांगले सामाईक मैदान हवे, सरावानंतर पोटभर अन्न व घरी नेणारी बस हवी, आणि पदवीनंतर नोकरीचा भरवसा हवा. पदक एका दिवसाचे असते; त्यामागील मैदान बारमाही असावे लागते. ते न देता यशाचे श्रेय घेण्याचा अधिकार कोणासही नाही.