मूत्रपिंडांतील एन्झाइमें

यवतमाळ जिल्ह्यांतील महागांव तालुक्यांत शेतकरी, त्याचा बैल, शेळी आणि घरचा कुत्रा एकाच उन्हांत वावरतात. प्रत्येकाच्या पोटांत दोन मूत्रपिंडें असतात. बैलाचें मूत्रपिंड अनेक खंडांचें, तर शेळीचें गुळगुळीत, घेवड्याच्या दाण्यासारखें असतें. हा भेद डोळ्यांना दिसतो. न दिसणारा भेद एन्झाइमांचा होय. एन्झाइमें म्हणजे शरीरांतील रासायनिक क्रिया त्वरेनें घडविणारीं प्रथिनें.

मूत्रपिंडांत तीं सर्वत्र सारखीं पसरलेलीं नसतात. बाहेरील थरास प्राणवायु विपुल मिळतो. तेथील नलिकांत दुग्धाम्लासारख्या पदार्थांपासून साखर बनविणारीं एन्झाइमें असतात. आंतील गाभ्यांत प्राणवायूची टंचाई. तेथें प्राणवायूवांचून साखर फोडून शक्ति मिळविणाऱ्या एन्झाइमांवर भिस्त असते. ही वांटणी सस्तन प्राण्यांत स्थूलमानानें एकच आहे.

मग भेद कोठें? रक्तांत आम्ल वाढलें म्हणजे मूत्रपिंड अमोनिया निर्माण करून तें बाहेर टाकण्यास साहाय्य करितें. अशा वेळीं उंदराच्या मूत्रपिंडांत ग्लुटामिनेज हें एन्झाइम वाढतें, असें १९५२ सालीं डेव्हिस व युडकिन यांनीं दाखविलें. १९५९ सालीं रेक्टर व ऑर्लॉफ यांनीं कुत्र्यांना नवसागर देऊन पाहिला. अमोनिया वाढला; एन्झाइम मात्र होतें तेवढेंच राहिलें.

दुसरें उदाहरण रक्तदाबाचें. १८९८ सालीं टायगरस्टेट व बर्गमन यांना सशाच्या मूत्रपिंडाच्या अर्कांत रक्तदाब वाढविणारें द्रव्य आढळलें. त्यास त्यांनीं ‘रेनिन’ हें नांव दिलें. पुढें तें एन्झाइम असल्याचें ठरलें. रेनिन रक्तांतील एका ठराविक प्रथिनाचा तुकडा पाडतें व त्यांतून रक्तदाब चढतो. पण उंदराचें रेनिन माणसाच्या त्या प्रथिनावर जवळजवळ चालत नाहीं. किल्ली ओळखीची, कुलूप निराळें. म्हणून मानवी रेनिन रोखणारें अ‍ॅलिस्किरेन हें औषध मार्मोसेट माकडांवर पारखावें लागलें. २००७ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली.

यांतील बोध घरोघरच्या उपयोगाचा आहे. जनावरांवरील प्रयोग वैद्यकास वाट दाखवितात. परंतु प्राणी बदलला कीं शरीरांतील रसायनहि कांहीं अंशीं बदलतें. म्हणून एकास मानवलेलें औषध दुसऱ्यास मानवेलच असें नाहीं. गोठ्यांतील औषध घरांत किंवा घरांतील गोठ्यांत, वैद्यास विचारल्यावांचून कोणीं वापरूं नये.