गुडघ्यांनो, चला सफरीला!

गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून बाईमाणसानं जग पाहूच नये की काय? सागरसफरीचं जहाज म्हणजे सुमारे 300 मीटर लांबीचं तरंगतं गावच! सिंगापूरहून निघताना मी बॅटरीवर चालणारी घडीची स्कूटर बरोबर घेतली. ती कशी न्यावी, तेवढं ऐका.

विमानात तिची लिथियम बॅटरी काढून जवळच बाळगायची. एकच असेल, तर मर्यादा 300 वॉट-तासांची. विमान कंपनीची परवानगीही आधीच घ्यावी. जहाजावर केबिनबाहेरच्या बोळात स्कूटर ठेवू देत नाहीत. आग लागली, तर वाट मोकळी हवी ना! म्हणून केबिनच्या दाराची रुंदी तिकिटाआधीच विचारावी.

पेनांगला जहाज धक्क्यालाच लागलं. स्वारी थेट गावात! फुकेतला मात्र पाटोंगसमोर नांगर पडला. लहान बोटीतून उतरायचं, तिथं स्कूटर चालेना. “मीही थांबतो,” हे म्हणाले. मी त्यांना हट्टानं किनाऱ्यावर धाडलं आणि दिवसभर एकटी जहाजभर हिंडले. “जरा हात द्या हो,” असं कुणालाही न म्हणता गेलेला, कितीतरी वर्षांतला तो पहिला दिवस!