बुद्ध्यांकाचा अहवाल कसा वाचावा?

मुलाची बुद्धिमापन चाचणी होते, दोन-तीन पानांचा अहवाल हाती येतो आणि शेवटच्या ओळीत 'बुद्ध्यांक १०७, सरासरी' असे वाचून पालक तो कागद कपाटात ठेवून देतात. मूल सर्वसाधारण आहे, वाचनलेखनात मागे पडते म्हणजे आळशी आहे, असा निष्कर्ष घरी व शाळेत निघतो. काही मुलांच्या बाबतीत तो सर्वस्वी चुकीचा असतो. म्हणून सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थी मित्रांसाठी हा विषय आम्ही येथे मांडत आहोत.

पॅरिस येथे १९०५ साली बिने व सिमोन यांनी पहिली चाचणी तयार केली ती शाळेत मदतीची गरज असणारी मुले ओळखण्यासाठी, कोणावर शिक्का मारण्यासाठी नव्हे. पुढे कामत यांनी मराठी व कन्नड मुलांसाठी तिचे रूपांतर केले. मालिन यांनी वेक्स्लर यांच्या चाचणीचे भारतीय रूप सिद्ध केले. या चाचण्यांत १०० हा मध्य मानतात. सुमारे दोन तृतीयांश मुले ८५ ते ११५ च्या दरम्यान येतात. १३० च्या वर शंभरात जेमतेम दोन.

मालिन यांच्या चाचणीत वाचिक व कृतियुक्त अशा अनेक पोटचाचण्या असतात. समजा, एका मुलाला दोन गोष्टींतील साम्य सांगण्यात १३०, ठोकळ्यांच्या रचनेत १३२, ऐकलेले अंक पुन्हा म्हणण्यात ८६ आणि चिन्हे भराभर उतरवण्यात ८० गुणांक मिळाला. या चारांची सरासरी १०७. पण १०७ हा आकडा त्या मुलाच्या कोणत्याच क्षमतेचा नाही! विचारशक्ती असामान्य, पण स्मरणातील अंक धरून ठेवणे व हाताचा वेग कमी, हे खरे चित्र आहे. सरासरीने बुद्धीही झाकली जाते आणि अडचणही. म्हणून एकूण आकड्याआधी पोटचाचण्यांतील तफावत पाहावी.

अहवालात 'शतमक ८४' असेल तर ते ८४ टक्के गुण नव्हेत. त्याच वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे ८४ मुलांच्या बरोबरीने किंवा पुढे, असा त्याचा अर्थ. शिवाय कोणताही बुद्ध्यांक काही अंकांनी इकडेतिकडे होऊ शकतो; थकवा, भीती यांचाही परिणाम होतो.

आपल्या देवळा-कळवण-सटाणा भागात भाषेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतील शब्दार्थ विचारले तर गुण कमी पडू शकतात. ती बुद्धीची उणीव नव्हे. घरची भाषा परीक्षकास आधीच सांगावी व कृतियुक्त भागाचे गुण स्वतंत्रपणे पाहावेत.

बुद्धिमापनाने वाचनदोष सिद्ध होत नाही. त्यासाठी वाचन, लेखन व गणिताची वेगळी चाचणी लागते. येथे हुशार मूल हमखास निसटते. इयत्तेच्या दोन वर्षे मागे असेल तरच अध्ययन अक्षमता, असा ढोबळ नियम अनेक ठिकाणी लावतात. कांद्याच्या वजनाचा व भावाचा हिशेब तोंडी करणारे पाचवीतले मूल अंदाजाने धडा ओढून नेते, पास होते आणि कोणाच्याच नजरेत येत नाही. वरच्या इयत्तेत मजकूर वाढला की ते कोलमडते आणि स्वतःलाच 'ढ' समजू लागते. शाळा सुटण्याचा धोका तेथे असतो.

कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा स्पष्ट समावेश झाला. जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलतींसाठी सक्षम शासकीय रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते; त्याची चौकशी दहावीच्या तोंडावर न करता आधीच करावी.

अहवाल घेताना तज्ज्ञांना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : सर्वांत वरचा व सर्वांत खालचा गुणांक कोणता? वाचनलेखनाची वेगळी चाचणी झाली का? शाळेने उद्यापासून काय करावे? उत्तरे लिहून घ्यावीत आणि वर्गशिक्षकांना दाखवावीत. अडचणीसाठी मदत आणि बुद्धीसाठी खाद्य, दोन्ही एकाच वेळी द्यावे लागते. वाचन सुधारेपर्यंत मुलाचे विज्ञानाचे प्रयोग किंवा बुद्धिबळ बंद करू नये. त्याचा स्वतःवरील विश्वास तेथेच टिकून असतो.